चार रिमोटांचा एक कारभारी

ज्या घरांत टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ध्वनीचा रिसीव्हर आणि ब्लू-रे प्लेअर एकत्र नांदतात, त्या घरांत चार रिमोटहि ओघानेंच येतात. त्यांचें तंत्र बहुधा घरांतील एखाद्या तरुण मुलासच अवगत असतें. आणि तो शिक्षणासाठीं परगांवीं गेला, कीं आजोबांच्या बातम्या व आजींचें कीर्तन दोन्हीं बंद पडतात. हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. स्वतःच्याच घरांत क्षुल्लक गोष्टीसाठीं दुसऱ्याची वाट पाहावी लागणें वृद्धांच्या मनास किती लागतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून चौघांचें काम एकटा करणाऱ्या 'युनिव्हर्सल रिमोट'विषयीं येथें चार शब्द लिहीत आहों.

रिमोटच्या टोकाशीं असलेला इवलासा दिवा डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश फेंकतो. हा प्रकाश बहुतेक रिमोटांत सेकंदास सुमारें ३८,००० वेळां उघडझांप करितो, व या उघडझांपीच्या लहानमोठ्या तुकड्यांतून सांकेतिक हुकूम जातात. निरनिराळ्या कंपन्यांची सांकेतिक भाषा निराळी. म्हणूनच एकाचा रिमोट सहसा दुसऱ्यास चालत नाहीं.

नव्या रिमोटास या भाषा शिकविण्याचे मार्ग तीन. पहिला, सोबतच्या पुस्तिकेंत आपल्या कंपनीपुढें दिलेला आंकडा भरणें. असे आंकडे अनेक असतात; एकानें आवाज चालला पण वाहिनी बदलली नाहीं, तर पुढचा पाहावा. दुसरा, रिमोटकडूनच एकामागून एक संकेत सोडवून घेणें, आणि संच बंद होतांच तो संकेत कायम करणें. तिसरा, जुना व नवा रिमोट समोरासमोर ठेवून जुन्याचें एकेक बटण दाबणें. नवा तें लक्षांत ठेवितो. ॲपलचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्निअक यांनीं १९८७ सालीं असाच शिकणारा रिमोट बाजारांत आणिला होता.

येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एकाच बटणानें सर्व यंत्रें चालू करण्याची सोय मोहक खरी; परंतु पुष्कळ यंत्रांत चालू व बंद यांस एकच हुकूम असतो. त्यामुळें एखादें यंत्र आधींच चालू असेल, तर तें नेमकें बंद होतें! चालू व बंद यांचे वेगळे हुकूम मिळाले तर तेच भरावे. न मिळाल्यास प्रत्येक यंत्राचें बटण वेगळें ठेवावें. दुसरें, टीव्हीस जोडावयाच्या कित्येक स्टिकांचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांचें काम निव्वळ अवरक्त रिमोटनें होत नाहीं. खरेदीपूर्वीं याची चौकशी करावी.

जुने रिमोट टाकून देऊं नयेत. सेल काढून ते कपाटांत ठेवावे, कारण त्यांच्याशिवाय तिसऱ्या मार्गानें शिकविणें अशक्य. लॉजिटेकसारख्या कंपनीनेंहि आपल्या नामांकित 'हार्मनी' रिमोटांची निर्मिती २०२१ सालीं थांबविली, हें विसरूं नये. भरलेले आंकडे घरच्या वहींत लिहून ठेवावे. कांहीं रिमोट सेल बदलतांना सारें विसरतात.

शेवटीं तरुण वाचकांस एक विनंति. हें काम आजीआजोबांकरितां परस्पर उरकूं नका. त्यांस शेजारीं बसवून, बटणें त्यांच्याच हातून दाबवून घ्या. पुढील खेपेस तुम्ही घरीं याल, तेव्हां कदाचित् तेच तुम्हांस शिकवितील.