अस्वल दिसलं का, टीचर?

सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्या दिवशी "सुट्टीत काय काय केलं?" असं मुलांना विचारायची आमची जुनी रीत. यंदा प्रश्न उलटा आला. मी वर्गात पाऊल टाकते न टाकते तोच चार-पाच जण ओरडले, "टीचर, अस्वल दिसलं का?" मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र काही न बोलता नुसता माझ्याकडे बघत होता. उत्तर खरं तर त्यालाच द्यायचं होतं. का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

माझ्या वयाच्या वाचकांना दरवेशी आठवत असेल. डोक्याला रुमाल, खांद्यावर झोळी, एका हातात डमरू आणि दुसऱ्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला अस्वल. आमच्या मोहल्ल्यात तो वर्षातून दोनदा तरी यायचा. डमरू वाजला की आम्ही पोरं जेवणाच्या ताटावरून उठून धावायचो. अस्वल दोन पायांवर उभं राहायचं, सलाम करायचं, सासरी निघालेल्या नवरीसारखं लाजायचं. मी सात वर्षांची असताना मला रात्री दचकून उठायची सवय लागली होती. दादीने दरवेशाला दोन रुपये देऊन अस्वलाचे चार केस घेतले, पत्र्याच्या ताईतात घातले आणि माझ्या गळ्यात बांधले. याला ना दीनचा आधार, ना हकिमीचा. पण त्या दिवशी दादीच्या मागे शेजारच्या शिंदेकाकूही आपल्या मुलाला घेऊन उभ्या होत्या. ताईत पुढे कुठे हरवला, आठवत नाही. अस्वलाच्या नाकातून आरपार गेलेली दोरी मात्र आठवते. तेव्हा मला वाटायचं, बैलाला वेसण असते तशीच ही अस्वलाची वेसण.

गेल्या फेब्रुवारीत सहावीच्या वर्गात वन्यप्राण्यांचा विषय निघाला आणि मी मुलांना हे सगळं सांगितलं. पिल्लू आईपासून तोडून कसं विकत, तापवलेली सळई नाकातून कशी घालत, दात कसे पाडत, नखं कशी कापत. सांगता सांगता माझा तोल गेला. मी म्हटलं, "असली माणसं माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीची नाहीत." वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही नाही. मग एका मुलीने हळूच येऊन सांगितलं, "टीचर, त्याचे दादा दरवेशी होते."

वीस वर्षं शिकवतेय. इतकी शरम मला क्वचितच वाटली असेल.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. पत्र्याची खोली, दारात भंगाराची हातगाडी. म्हातारे दादा खाटेवर बसलेले. मी माफीचं काही बोलायच्या आत त्यांनीच नातवाला चहा ठेवायला पाठवलं आणि म्हणाले, "पोरगं म्हणतं तुम्ही खोटं सांगितलं. मी त्याला म्हटलं, टीचर खरं बोलल्या." मग थोडा वेळ थांबून, आमच्या दख्खनीत, "नाक तो मेरे बावा छेदे थे. डोरी मैं पकड्या." एवढंच. त्यात बचाव नव्हता आणि रडणंही नव्हतं.

त्यांच्याकडे एक मादी होती. घरच्या पोरांआधी तिला भाकर-दूध मिळायचं, कारण तिच्या पोटावर सगळ्यांचं पोट. अठरा-वीस वर्षांपूर्वी कर्नाटकाच्या हद्दीत असताना त्यांनी अंगठा देऊन ती सोपवली. तिला बंगळुरूजवळ बन्नेरघट्ट्याच्या अस्वल केंद्रात नेलं. ते पुन्हा कधी बघायला गेले नाहीत. "काय तोंड घेऊन जाऊ?" म्हणाले.

आपल्या देशात वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा, पण अस्वलाचा खेळ त्यानंतरही तीस-पस्तीस वर्षं चालू राहिला. कायदा आला म्हणून चूल कशी पेटणार, हे कुणी सांगितलं नव्हतं. उत्तरेकडे या लोकांना कलंदर म्हणतात. बहुतेक सगळे मुसलमान, आणि आपल्यातलेच शिकलेसवरलेले लोक त्यांना दारात उभं करत नाहीत. आमच्या उर्दूतले नजीर अकबराबादी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. त्यांची 'रीछ का बच्चा' ही नज्म अस्वलाचं पिल्लू घेऊन फिरणाऱ्या कलंदराच्याच तोंडची आहे. नजीर आग्र्याचे, आणि योगायोग असा की सुटका झालेल्या अस्वलांचं मोठं केंद्रही आग्र्याजवळच, कीठमच्या तळ्याकाठी. 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने २००२ पासून सहाशेहून जास्त अस्वलं सोडवली आणि २००९ मध्ये रस्त्यावरचं शेवटचं नाचणारं अस्वलही तिच्या ताब्यात आलं. अस्वल देणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत मिळाली. कुणी रिक्षा घेतली, कुणी दुकान टाकलं, बायका शिवणकामाला लागल्या. आमच्या या दादांपर्यंत त्यातलं किती पोचलं, ते दारातली हातगाडी सांगत होती.

निघताना मी सहज विचारलं, "जंगलातलं अस्वल पाहिलंय का तुम्ही?" म्हातारे हसले. त्यांच्या वडिलांनी नाही, आजोबांनी नाही, त्यांनीही नाही. पिल्लं विकत घेतलेली. तीन पिढ्या अस्वलावर जगल्या आणि अस्वल आपल्या मनाने कसं चालतं, हे एकानेही पाहिलं नव्हतं. "तुम्हाला दिसलं तर येऊन सांगा," म्हणाले. नातू चहाचा कप घेऊन उभा होता. तो दुसऱ्या दिवशी शाळेत आला.

आता सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाने जंगलातलं अस्वल शोधायचं म्हणजे अवघडच. ताडोबा-मेळघाटात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वलं आहेत. आपल्या सह्याद्रीत ती फार थोडी उरली. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्या पट्ट्यात ती आहेत. आमच्या घरच्यांचं म्हणणं, एवढा खर्च करायचा तर बुलढाण्याला जाऊ, निदान दिसेल तरी. पण माझ्या डोक्यात आमच्याच डोंगरातलं अस्वल बसलं होतं. मे महिन्यात आम्ही तिघं, म्हणजे आम्ही दोघं आणि नववीतला मुलगा, कासवरून बामणोलीला उतरलो आणि लाँचने शिवसागर ओलांडून वासोट्याच्या पायथ्याला निघालो. वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. मुलगा म्हणाला, "अम्मी, वाघाच्या गडावर तू अस्वल शोधणार!"

पायथ्याला वनखात्याची चौकी. नावं लिहून घेतात, पिशव्यांतलं प्लास्टिक मोजतात आणि संध्याकाळच्या आत परत यायचं बजावतात. वाटाड्या म्हणून बरोबर घेतलेले मामा साठीच्या पुढचे, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावातले. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खिमा-रोटीचा डबा दिला होता. मामांनी तो लाँचवरच ठेवायला लावला. "त्याला दिसतंय कमी, पर नाक लई तिखट." मी विचारलं, "मामा, दिसेल का?" ते म्हणाले, "ताई, आस्वाल लांबनं दिसत नसतंय. दिसलं तर जवळ दिसतंय, आन् जवळ दिसलं की वाईट."

हे मला घरी बसून कळलं नसतं. अस्वलाची नजर अधू आणि कानही फारसे तिखट नाहीत. त्यात ते वारुळात तोंड खुपसून बसलं की आजूबाजूचं भान नसतं. माणूस नकळत दहा पावलांवर जातो, ते दचकतं आणि पळण्याऐवजी अंगावर येतं. थेट डोक्यावर, चेहऱ्यावर. म्हणून इथली माणसं झाडीतून जाताना मोठ्याने बोलतात, काठी आपटतात, टाळ्या वाजवतात. म्हणजे आम्ही अस्वल शोधायला आलो होतो आणि आमच्या पुढे चालणारा माणूस प्रत्येक वळणावर ते पळून जावं म्हणून काठी आपटत होता! आमच्या घरच्यांना भारी गंमत वाटली. माझी अर्धी आशा तिथेच गेली.

ओढा ओलांडून गर्द झाडीत शिरलो. तासाभराने मामा वाटेपासून थोडे बाजूला गेले आणि हाक मारली. एक वारूळ फोडलेलं होतं. वरून पडलेलं नव्हे, बाजूने खणून बोगद्यासारखं भोक पाडलेलं. कडेला नखांचे ओरखडे. मामांनी आत हात घातला तर कोपरापर्यंत गेला. अस्वलाला वरचे मधले दोन दात मुळात नसतातच. नाकपुड्या बंद करता येतात. आधी फुंकून माती उडवायची, मग ओठांची नळी करून वाळवी ओढून घ्यायची. तो आवाज शंभर मीटरवर ऐकू जातो म्हणे. आम्ही कान लावून उभे राहिलो. आमच्याच श्वासांचा आवाज येत होता.

हीच लांब नखं पाहून जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९१ मध्ये अस्वलाला स्लॉथ समजून त्याच गणात टाकलं होतं. स्लॉथ म्हणजे दक्षिण अमेरिकेतला, झाडाला उलटा लटकणारा सुस्त प्राणी. चूक पुढे सुधारली, तरी इंग्रजीत आपलं अस्वल अजून 'स्लॉथ बेअर'च. शिकल्यासवरल्या माणसाने घाईत एकदा शिक्का मारला की तो किती टिकतो, याचा विचार मी पुढची चढण चढेपर्यंत करत होते.

पुढे एका झाडाच्या खोडावर जुने ओरखडे दिसले, वर मधाचं रिकामं पोळं. वाटेत एक वाळलेली विष्ठा. मामांनी काडीने उकरून दाखवली. करवंदाच्या बिया आणि मुंग्यांची डोकी. मुलाने नाक मुरडलं, मग स्वतःच वाकून बिया मोजायला लागला. गडावर वारा मस्त होता, नागेश्वराकडचे कडे दिसले. पण त्याबद्दल बाकीचे लोक लिहितातच. अस्वल दिसलं नाही.

उतरून आलो तेव्हा जोहरची वेळ टळत आली होती. मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळे झाडी संपली की लाँचपर्यंत उघडा गाळ तुडवावा लागतो. वुजूसाठी मी ओढ्याच्या तोंडाशी गेले. तिथल्या ओल्या मातीत एका अनवाणी पायाचा ठसा होता. लहानसर, रुंद, पाच बोटं. मला वाटलं, कुणा कोळ्याचं पोर पाण्यावर आलं असेल. मग दिसलं, बोटांच्या पुढे थोडं अंतर सोडून मातीत पाच भोकं होती. मी तशीच बसून राहिले. हाक मारायला आवाजच फुटेना.

मामा आले, वाकले. "मागचा पाय. पहाटं पानी प्यालंय." ठसे झाडीतून येत होते, पाण्याशी थांबत होते आणि वळून परत झाडीत जात होते. थोडं पुढे त्याच ठशांशेजारी तसेच, पण अगदी छोटे ठसे, चार-पाचच, मग एकदम नाहीसे. मुलगा म्हणाला, "पिल्लू उडालं की काय?" मामा म्हणाले, "आयच्या पाठीवर बसलं." अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन चालते. हे मी वर्गात दहा वेळा सांगितलं असेल. मुलाने ठशाशेजारी बॉलपेन ठेवून फोटो काढले. वीस वर्षं या रानात फिरणाऱ्या मामांना स्वतः अस्वल चारदाच दिसलं होतं. आम्हाला एवढं मिळालं तेच पुष्कळ, असं म्हणत ते लाँचकडे निघाले. काठी आता आपटत नव्हते.

त्या दिवशी वर्गात मी खरं ते सांगितलं, "नाही दिसलं." मुलं हिरमुसली. शाळा सुटल्यावर मागच्या बाकावरच्या त्या मुलाबरोबर त्याच्या घरी गेले. दादांनी चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला. मी मोठा ठसा दाखवला, मग छोटा, मग ते कुठे नाहीसे होतात ते. ते काहीच बोलेनात. मला वाटलं, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नसावं, म्हणून मी फोटो मोठा करायला हात पुढे केला. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि बोट स्क्रीनवर ठेवलं, बोटांच्या पुढच्या त्या पाच भोकांवर.

"नाखुनां पूरे हैं," ते नातवाला म्हणाले. आणि फोन त्याच्या हातात दिला.