कपाटांतील शास्त्र आणि अंगणांतील काठी

विज्ञान व गणित मुलांनीं हातांनीं करून शिकावें, असें कोणीं म्हटलें कीं आपल्या सुशिक्षित वर्गांतून एक ठरीव उत्तर येतें. परवांच एका विद्वान् स्नेह्यांनीं मला तें ऐकविलें: "हे पुण्यामुंबईचे लाड आहेत. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतील मुलांनीं आधीं पाठांतर करावें, परीक्षा द्यावी, नोकरी धरावी, प्रयोग मागाहून." स्नेह्यांच्या हेतूविषयीं मला शंका नाहीं. परंतु हें मत दिसावयास जितकें समंजस तितकेंच घातुक आहे, असें स्पष्ट म्हणणें मला भाग आहे; कारण ज्या मुलांच्या कळवळ्यानें तें मांडलें जातें, नेमका त्यांचाच त्यानें घात होतो.

कांहीं वर्षांपूर्वीं जिल्ह्यांतील एका शाळेंत बक्षीससमारंभास जाण्याचा योग आला. मुख्याध्यापकांनीं मोठ्या अभिमानानें प्रयोगसाहित्याचें कपाट दाखविलें. भिंगें, तराजू, चंबू, परीक्षानळ्या; सारें कसें नवें कोरें! कपाटास कुलूप होतें. मुलें हें केव्हां हाताळतात, असें विचारतांच ते दचकले. "फुटलें तर भरून कोण देणार, साहेब?" नववीच्या वर्गांत एका मुलीनें तरफेची व्याख्या एका दमांत म्हणून दाखविली. बिजागरीजवळ बोट लावून दार ढकलूं गेल्यास तें जड कां जातें, हें मात्र तिला सांगतां येईना. दोष तिचा नव्हता, कुलपाचा होता. अशीं मुलें पुढें आमच्या महाविद्यालयांत येतात, आणि मोजण्याचें साधें उपकरण हातीं दिलें कीं तें कोठें धरावें येथूनच सुरुवात करावी लागते.

पहिला आक्षेप पैशाचा. त्याचें उत्तर बीडकरांनीं तरी परक्यास विचारूं नये. शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ च्या सुमारास, जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं आपलें गांव सह्याद्रीनजीकचें विज्जडविड म्हणून सांगितलें आहे. तें बीडच, असें मानणारे आहेत. चाळीसगांवाजवळील पाटण्याच्या शिलालेखाकडे बोट दाखवून तें नाकारणारेहि आहेत. तो वाद पंडितांनीं करावा. पण 'आपले' म्हणून ज्यांचा अभिमान आपण मिरवितों, त्या आचार्यांनीं यंत्राध्यायांत अनेक यंत्रें वर्णून बुद्धियंत्रास सर्वांत श्रेष्ठ मानलें. माझे स्नेही हेंच मत माझ्यावर उलटवितील: बुद्धि पुरे, मग साधनें कशाला? परंतु आचार्यांचा तो बुद्धिमान् पुरुष रिकाम्या हातांनीं बसलेला नाहीं. त्याच्या हातांत एक काठी आहे. तिच्या साहाय्यानें वेळूचें मूळ आणि अग्र न्याहाळून तो त्याचें अंतर व उंची काढतो. काठीस असे किती पैसे पडतात?

हें केवळ जुनें वैभव आठवणें नव्हे. मध्य प्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ पासून २००२ पर्यंत सरकारी शाळांतून मुलें स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत होतीं. अरविंद गुप्तांनीं आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्हची रबरी नळी एवढ्या भांडवलावर भूमितीच्या आकृति उभ्या केल्या. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडीत नाहीं, चौकोन मात्र कलंडतो. मुलाच्या बोटांना हें एकदां कळलें कीं छपराच्या कैचींत त्रिकोण कां असतात, हें त्याला सांगावें लागत नाहीं.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस जातात. त्यांच्याबरोबर गेलेलें मूल चारपांच महिने शाळेला मुकतें. असें मूल प्रयोग केव्हां करणार? मी उलट विचारतों: असें मूल पाठांतर तरी केव्हां करणार? घोकलेलें सूत्र घोकणें थांबतांच विरतें. हातानें केलेली गोष्ट कोपींतहि सोबत राहते.

एकच उदाहरण देतों. विषुवदिनीं बीड येथें एक मीटर उंचीच्या सरळ काठीची मध्यान्हछाया सुमारें ३४ सेंटिमीटर पडते. कोल्हापुरास तीच सुमारें ३०. ह्या छायांवरून कागदावर त्रिकोण काढून कोन मोजले, तर त्यांत सव्वादोन अंशांहून किंचित् अधिक फरक निघतो. दोन्ही ठिकाणांचें दक्षिणोत्तर अंतर सुमारें २५५ किलोमीटर. ह्या दोन आंकड्यांवरून त्रैराशिक मांडा; सबंध पृथ्वीचा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर येतो. अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनीसनें बावीसशें वर्षांपूर्वीं वापरलेली युक्ति हीच. आणि विषुवदिनाचीच वाट पाहण्याचें कारण नाहीं. कोणत्याहि एकाच दिवशीं दोन्हींकडे मध्यान्हीं काठी रोवली कीं झालें. बीडच्या वर्गांतील मुलांनीं येथें रोवावी, कोल्हापूरकडे फडावर गेलेल्या त्यांच्या सोबत्यानें तिकडे. आतां तर छायेचें माप दूरध्वनीवरून क्षणांत कळवितां येतें. एका सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर पांचव्या हिश्श्यानें किंवा त्याहूनहि अधिक बिघडेल. बिघडूं द्या, मोजमाप काळजीनें कां करावें, हें त्याच दिवशीं कळेल. परंतु मुख्य गोष्ट निराळीच आहे. हजेरीपटावर ज्या मुलापुढें रोज 'गैरहजर' लिहिलें जातें, त्याच्यावांचून ह्या वर्गाचें गणित सुटत नाहीं. पाठांतराच्या शाळेंत असा एक तरी धडा आहे काय?

आमच्या पक्षाचाहि एक दोष सांगतों. वार्षिक प्रदर्शनांत बापानें विकत आणलेला ज्वालामुखी मांडून मुलानें त्याचें वर्णन घोकावें, ह्यास मी प्रयोग म्हणत नाहीं. तें पाठांतरच, फक्त त्याला रंग दिलेला. ज्या कृतीच्या आधीं मुलाच्या मनांत प्रश्न नाहीं आणि जिच्यांत चुकण्याची मोकळीक नाहीं, ती कुलूपबंद कपाटाहून फारशी बरी नव्हे.

स्नेह्यांना माझी एवढीच विनंति आहे. येत्या २३ सप्टेंबरच्या सुमारास घरच्या मुलांना घेऊन अंगणांत एक काठी सरळ रोवावी, सावली सर्वांत आंखूड होईल तेव्हां ती मोजावी, आणि मग लाड कोणते व शिक्षण कोणतें, हें त्या मुलांच्या तोंडाकडे पाहून ठरवावें. शाळेच्या कपाटाची किल्ली मागावयास मग आपण दोघेहि बरोबरच जाऊं.