पैसे देऊन हमाली

परदेशात जायचं, चौकोनी खड्ड्यात गुडघे टेकून बसायचं, दिवसभर माती खरवडायची, बादल्या वाहायच्या, चाळण्या हलवायच्या. आणि याचा पगार मिळायच्या ऐवजी आपणच फी भरायची, तीसुद्धा डॉलरमध्ये! मराठी मध्यमवर्गीय घरात ही कल्पना समजावून सांगणं म्हणजे क्लायंटला 'हे फीचर तुम्हाला नकोय' असं सांगण्याइतकं अवघड आहे.

याला 'फील्ड स्कूल' म्हणतात. आदिमानवाचे जीवाश्म जिथे सापडतात तिथे एखादं विद्यापीठ काही आठवडे विद्यार्थ्यांना घेऊन जातं आणि खऱ्याखुऱ्या उत्खननावर कामाला लावतं. केनियात तुर्काना सरोवराच्या काठी कूबी फोराला अशी शाळा बरीच वर्षं भरली. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या उत्तरेला ड्रिमोलेनला भरली. जॉर्जियात ओरोझमानीला विद्यार्थी खणत होते तेव्हा, २०२२ साली, त्यांच्यातल्याच एका इंग्रज मुलाला सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीचा माणसाचा दात मिळाला.

माझी भाची पुण्यात पुरातत्त्वाचं एम.ए. करतेय आणि तिला दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच एका शाळेत जायचंय. फी, विमान, विमा, व्हिसा मिळून आकडा लाखांत जातो. दाजींचं म्हणणं एका वाक्यात: "खणायचंच असेल तर गावाकडे विहिरीचं काम काढलंय, ये म्हणावं." ताई गप्प. आणि भाचीने मला वकीलपत्र दिलंय, कारण "मामा, तू आयटीत आहेस, तुझं ऐकतात." (गैरसमज आहे, पण असू दे.)

पहिला प्रश्न रास्तच आहे. परदेशातच कशाला? आपल्याकडे आदिमानव नव्हता का? होता की. चेन्नईजवळ अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली दगडी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. पण हत्यारं करणाऱ्याचं हाड? एकही नाही. अख्ख्या भारतात इतक्या जुन्या माणसाची म्हणावी अशी कवटी एकच, नर्मदाकाठी हथनोराला १९८२ मध्ये अरुण सोनकियांना मिळालेली. तीही अर्धवट. हाड लाखो वर्षं टिकायला नशीब लागतं. पूर्व आफ्रिकेत तळ्याकाठच्या गाळाने ते चटकन झाकलं, वर ज्वालामुखीची राख बसली, आणि त्या राखेवरून आज वयही काढता येतं. दक्षिण आफ्रिकेत ते चुनखडीच्या गुहांत पडलं आणि सिमेंटात बसावं तसं दगडात बसलं. दगडी हत्यारं ओळखायला पुण्यात राहूनही शिकता येतं. माणसाचं हाड ओळखायला हाडं असतात तिथेच जावं लागतं.

आता दुसरा मुद्दा, आणि माझं खरं भांडण इथे आहे. या शाळांची माहितीपत्रकं बघा. पहिल्या पानावर कवटी! कवटी हातात धरलेलं कुणीतरी! जणू फी भरली की एक कवटी मिळणारच. हे मला अजिबात पटत नाही. होतं काय, तर आठवडाभर तुमच्या एक मीटरच्या चौकोनात हरणाच्या हाडाचे चुरे आणि उंदराचे दात निघतात. प्रत्येकाची जागा मोजायची, नंबर द्यायचा, पिशवीत घालायचं, वहीत लिहायचं. आपल्या कामात चूक झाली तर जुनी आवृत्ती परत आणता येते. इथे कंट्रोल-झेड नाही. माती एकदा उचलली की उचलली, त्या जागेबद्दल जगाला जे कळणार ते तुम्ही वहीत लिहिलं तेवढंच. वीस-बावीस वर्षांच्या पोराच्या हातात इतकी जबाबदारी आपल्या इंडस्ट्रीत कुणी देतं का सांगा!

आणि सापडलं तरी सापडलंय हे कळायला हवं ना? ड्रिमोलेनला २०१५ मध्ये फील्ड स्कूलच्या एका विद्यार्थ्याला कवटीचे तुकडे मिळाले. सगळ्यांना वाटलं बबून माकडाचे असतील, तिथे ती रग्गड मिळतात. पुढे आणखी तुकडे येत गेले, दीडशेहून जास्त झाले. संशोधक जोडत बसले, तेव्हा लक्षात आलं की हा बबून नव्हे. होमो इरेक्टसचं लहान मूल, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचं. २०२० मध्ये ते 'सायन्स'मध्ये छापून आलं. त्याच जागी २०१८ मध्ये पॅरँथ्रोपस रोबस्टस या माणसाच्या नातेवाईक जातीची कवटी निघाली, तीही एका विद्यार्थिनीच्या हाताखाली. अशी उदाहरणं आहेत, नाही असं नाही. पण मला त्यातला बबूनच जास्त महत्त्वाचा वाटतो. 'माकडाचंच आहे' म्हणून कुणी ते तुकडे फेकले नाहीत. नंबर घालून ठेवले, म्हणून जोडता आले.

म्हणजे फी कशाची भरायची? नजरेची. आणि ती नजर कुणाकडे असते तेही बघा. केनियाचा कामोया किमेऊ. जेमतेम प्राथमिक शिक्षण, १९६० साली लीकी कुटुंबाकडे खणायला मजूर म्हणून लागला. १९८४ मध्ये नारिओकोटोमे नदीच्या कोरड्या पात्राजवळ, सुट्टीच्या दिवशी, सहज फिरताना त्याला काळ्या खड्यांत काळाच एक हाडाचा तुकडा दिसला, काड्यापेटीएवढा. तिथून 'तुर्काना बॉय'चा जवळजवळ अख्खा सांगाडा निघाला, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. पदव्या घेतलेले लोक बरोबर होते, पण दिसलं त्याला. त्याचा सत्कार १९८५ मध्ये व्हाइट हाऊसमध्ये झाला. २०२२ मध्ये तो गेला. आजही अशा छावण्यांवर शिकवण्याचं बरंचसं काम स्थानिक लोकच करतात, फक्त माहितीपत्रकावर फोटो प्रोफेसरांचा असतो.

आपल्या मुलांची गोची अशी, की अमेरिकेतल्या मुलाएवढीच फी भरायची आणि पगार रुपयातले बाप! म्हणून अर्धे पैसे मी देणार आहे, असं दाजींना सांगून टाकलं. दर दोन वर्षांनी फोन बदलायला आपण काय विचार करतो? तेवढ्याचीच गोष्ट आहे, थोडी जास्त.

पण तुमच्या घरीही कुणी असं वेड घेतलं असेल तर पैसे भरायच्या आधी मेल टाकून विचारा. त्याच देशातली मुलं शिकायला येतात का, आणि त्यांना किती फी? सापडलेलं जातं कुठे? दक्षिण आफ्रिकेत १९९९ च्या कायद्याने जीवाश्म सरकारच्या मालकीचे आहेत, त्यामुळे तिथे गोलमाल उत्तर आलं तर समजून घ्या. लॅबमध्ये हाडं ओळखायला किती दिवस बसवणार? शिकवणार कोण, नावं सांगा म्हणावं. उत्तर नीट आलं तर पाठवा पोरीला. आणि गुडघ्यांना बांधायचे पॅड इथूनच घेऊन द्या, चांगले जाड.