खोड टिकावे, पुडी बदलावी

पालखीचे प्रस्थान झाले की आळंदी चार दिवस ओकीबोकी वाटते. घाटावरची गर्दी ओसरते, धर्मशाळांची अंगणे धुतली जातात, आणि ज्यांना वारीला जाता आले नाही ती माणसे एकमेकांकडे जाऊन बसायला मोकळी होतात. अशाच एका संध्याकाळी आमच्या आळीतले एक गृहस्थ घरी आले. चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतात. पंचवीस वर्षे डाय आणि फिक्स्चर करण्यात गेलेली. सोबत त्यांची मुलगी. तिला पुण्याजवळच्या एका डिझाइन कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पेढे झाले, नमस्कार झाला, आणि मग गृहस्थांनी खिशातून चार घड्यांचा एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "साहेब, फीच्या कर्जाचं मार्गी लागलंय. आता हे काय नवीन प्रकरण, ते जरा बघा."

कागद कॉलेजचा होता. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा लॅपटॉप आणावा. त्यात अमुक इतकी रॅम, तमुक पिढीचा प्रोसेसर, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असावे. गृहस्थांनी बाजारात चौकशी केली होती. आकडा लाखाच्या आसपास, म्हणजे त्यांच्या तीन पगारांहून अधिक. आणि प्रश्न एकच होता : "चार वर्षं चालेल ना हो?"

मी हयात बँकेत काढली आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. लॅपटॉपची पारख हा या दोन्हींतला विषय नव्हे. पण यंत्र किती वर्षे चालेल आणि त्याचे कर्ज किती वर्षे चालेल, या दोन आकड्यांचा मेळ घालणे हे मात्र आमचे रोजचे काम होते. म्हणून मी कागद ठेवून घेतला.

पहिली मेख हिशेबाच्या पुस्तकातच सापडली. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणत्या मालमत्तेचे उपयुक्त आयुष्य किती धरावे याचे कोष्टक आहे. त्यात डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांच्यापुढे लिहिले आहे : तीन वर्षे. आयकर खाते संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा देते. म्हणजे आज एक लाखाला घेतलेले यंत्र वर्षाने साठ हजारांचे, दोन वर्षांनी छत्तीस हजारांचे, तीन वर्षांनी एकवीस हजार सहाशेचे आणि चार वर्षांनी तेरा हजारांहूनही कमी किमतीचे उरते. डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम मात्र चार वर्षांचा. ज्या वर्षी मुलीला शेवटचा मोठा प्रकल्प करायचा, नोकरीसाठी कामाचा संग्रह तयार करायचा, नेमके त्याच वर्षी हिशेबाच्या दृष्टीने तिचे यंत्र गतप्राण झालेले असते. कंपनीचे ठीक आहे. ती जुने यंत्र निर्लेखित करते आणि नवे घेते. टूलरूममधल्या कामगाराच्या घरात निर्लेखनाचे खाते नसते.

आम्ही तिघे दुकानात गेलो. लखलखाट होता, थंडगार हवा होती. विक्रेता मुलगा हुशार आणि गोड बोलणारा. त्याने पाच मिनिटांत इतके आकडे ऐकवले की गृहस्थ गप्पच झाले. मला त्याचे वाईट वाटले. हा माणूस मायक्रॉनमध्ये बोलतो. कारखान्यात नवे यंत्र येणार असेल तर स्पेअर कुठे मिळतात, तेल कुठून घालायचे, बेअरिंग बदलायला किती वेळ लागतो, हे विचारल्याशिवाय तो मान हलवत नाही. आणि इथे काउंटरपुढे हात मागे बांधून उभा! शेवटी त्याने चाचरत एकच प्रश्न विचारला, "हे उघडता येतं का?" विक्रेता हसला. "काका, उघडायचं कशाला?"

मला विचाराल तर त्या दिवशी दुकानात विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता. आणि तो डिझाइनचाच प्रश्न होता, हे त्या मुलीला पुढे कॉलेजात शिकवतील.

आपल्या देशातल्या डिझाइन शिक्षणाचा उगम ज्या दस्तऐवजात आहे, तो चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेला अहवाल. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीत आयडीसी सुरू झाले ते १९६९ मध्ये. या अहवालात त्यांनी सर्वोत्तम वस्तू म्हणून गौरवला तो आपला साधा लोटा. लोटा घडवायचा तर काय काय विचारात घ्यावे लागेल याची त्यांनी यादीच केली : पाणी किती मावावे, तो डोक्यावरून न्यायचा की कमरेवरून, भरलेला असताना तोल कसा राहील, हातात कसा बसेल, पैशात आणि श्रमात किंमत काय पडेल, आणि मोडीत काढला तर धातूचे काय येईल. मोडीचा भावसुद्धा डिझाइनमध्येच धरलेला! आज त्याच विद्येच्या विद्यार्थ्याला आपण असे यंत्र घ्यायला लावतो, ज्याच्याबद्दल यांतले निम्मे प्रश्न विचारले तर दुकानदार हसतो.

तेव्हा लोट्याचे प्रश्न लॅपटॉपला विचारून पाहू. तो न्यायचा कसा? आळंदीहून बसने, पाठीवर, चित्रकलेच्या सामानासह. मग खेळांसाठी बनवलेला सव्वादोन किलोचा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर रोज वाहणे ही शिक्षा आहे. शिवाय अशा यंत्राची बॅटरी जड कामात लवकर मान टाकते. रंग कसे दिसतात? हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि डिझाइनला तो सर्वांत महत्त्वाचा. स्वस्त पडद्यांवर रंगांचा पल्ला तोकडा असतो. आम्ही एका लॅपटॉपवर मुलीने काढलेला कुंकवाच्या करंड्याचा फोटो लावून पाहिला, तर कुंकू विटकरी दिसले. शेजारच्यावर ते कुंकू होते. माहितीपत्रकात 'एसआरजीबी शंभर टक्के' किंवा त्याच्या जवळपास असे लिहिले आहे का, तेवढे पाहावे. लिहिले नसेल तर बहुधा ते लिहिण्याजोगे नसते.

आणि मग उघडण्याचा प्रश्न. काही यंत्रांत रॅम खाचेत बसवलेली असते; दोन वर्षांनी झाकण काढून ती वाढवता येते. काहींत ती मुख्य पट्टीवर डाख देऊन कायमची चिकटवलेली असते. घेतली तेवढीच जन्मभर. अॅपलचे लॅपटॉप दुसऱ्या प्रकारचे. त्यांचे पडदे सुरेख, बॅटरी दमदार, जुना विकताना भावही चांगला, हे मान्यच केले पाहिजे. पण रॅम पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यावी लागते, आणि सॉलिडवर्क्ससारखी अभियांत्रिकीकडे झुकणारी सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात. इतर कंपन्यांच्या सडपातळ यंत्रांतही आता चिकटवलेली रॅम वाढते आहे. माझ्या स्वतःच्या एका लॅपटॉपचा अंत असाच झाला. एक चिप बिघडली, ती सुटी निघेना, आणि सेवाकेंद्राने सांगितलेला पट्टीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास गेला. अर्धी कादंबरी त्यात होती. ती दुसरीकडे उतरवून ठेवलेली होती म्हणून वाचली.

आळंदीच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. इथे पखवाज दुरुस्त होतात. पखवाजाची पुडी फाटते, शाई उडते, वाद्या सैल पडतात, त्या बदलतात. खोड मात्र तेच राहते, बापाचे मुलाकडे येते. पुडी फाटली म्हणून कुणी खोड टाकून देत नाही, आणि खोडाला पुडी कायमची चिकटवून विकणाऱ्या कारागिराला इथे कुणी दारात उभे करणार नाही. लॅपटॉपमध्ये बॅटरी, रॅम आणि साठवणीची एसएसडी या पुड्या आहेत. पडदा, बिजागरी आणि सांगाडा हे खोड. पैसा खोडात घालावा आणि पुड्या बदलता येतील असे पाहावे. सोळा जीबी रॅम आणि एक रिकामी खाच, बदलता येणारी एसएसडी, बरा पडदा, आणि घरी येऊन दुरुस्ती करणारी तीन वर्षांची हमी, शक्य तर पडझडीच्या विम्यासह : चार वर्षांचा विचार करणाऱ्याने या गोष्टी प्रोसेसरच्या नावाआधी विचाराव्यात.

आता कोणी म्हणेल, ग्राफिक्स कार्डाचे काय? त्रिमिती प्रतिमा आणि अॅनिमेशनला ते लागते, यात शंका नाही. पण बहुतेक डिझाइन कॉलेजांत पहिले वर्ष पायाभूत असते : रेखाटन, रंग, कागद, माती, लाकूड. शाखा नंतर ठरते. जिला पुढे वस्त्र किंवा अक्षरकला घ्यायची आहे तिला पहिल्याच दिवशी अॅनिमेशनचे यंत्र कशासाठी? विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी मुळात बोरूने आणि ब्रशने अक्षर काढणारे होते; संगणक त्यांच्या हाताच्या मागून आला. शिवाय ब्लेंडर, क्रिता, इंकस्केप ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि शिकायला पुरेशी आहेत. थांबण्यात धोका नाही असे मात्र नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मागणी वाढवल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. 'पुढे स्वस्त होईल' हा जुना भरवसा आता आंधळेपणाने धरता येत नाही. आणि फार जुने यंत्र घेण्यातही अर्थ नाही : विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि कित्येक चालती यंत्रे नव्या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत.

राहिला पैशाचा प्रश्न. दुकानात 'शून्य टक्के व्याजाने हप्ते' अशी पाटी होती. व्याज शून्य असू शकते ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. पाट्या मात्र नाना रूपांत टिकून आहेत. समजा, लॅपटॉप नव्वद हजारांचा, रोखीने घेतल्यास सहा हजारांची सूट, आणि हप्त्यांसाठी हजार रुपये प्रक्रिया शुल्क. बारा हप्त्यांवर हे सात हजार म्हणजे सालिना सुमारे पंधरा टक्के व्याज झाले. उलट भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रमासाठी आवश्यक असेल तर वाजवी किमतीचा संगणकही कर्जात धरता येतो, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते. गृहस्थांनी कर्ज घेतले तेव्हा हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आमच्या जमातीचा हा जुना दोष आहे : अर्जात जे लिहिले नाही ते विचारायचे नाही. मीही खुर्चीत असताना तो किती वेळा केला असेल, कोण जाणे.

म्हणून हा लेख केवळ पालकांसाठी नाही. कॉलेजांनी आपल्या त्या अर्ध्या पानी कागदाचा विचार करावा. पहिल्या वर्षाला काय पुरते आणि कोणत्या शाखेला तिसऱ्या वर्षी काय लागते, हे वेगवेगळे लिहावे. जड कामासाठी प्रयोगशाळेत पुरेशी यंत्रे ठेवावीत आणि ती संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी ठेवावीत; लाखांची फी घेऊन वर यंत्रशाळा विद्यार्थ्याच्या पाठीवर टाकणे बरे नव्हे. बँकांनी शैक्षणिक कर्जाच्या अर्जात संगणकाचा रकाना ठळक छापावा. आणि सरकारने एक पाऊल पुढे टाकावे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीक्षमतेचे दहापैकी गुण लावणे बंधनकारक झाले. गिऱ्हाईक किमतीशेजारीच पाहतो की हे यंत्र उघडते की नाही. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ रोजी 'दुरुस्तीच्या हक्का'चे संकेतस्थळ सुरू झाले, ते चांगलेच झाले. पण हक्क संकेतस्थळावर असून भागत नाही. तो दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर दिसला पाहिजे.

शेवटी आम्ही घेतला तो लॅपटॉप सत्तर हजारांच्या आतला, दिसायला साधा, काळपट. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. ते का नाही, हे कॉलेजला मुलीने स्वतः पत्र लिहून विचारले, आणि पहिल्या वर्षासाठी चालेल असे उत्तर आले. ते आधी कागदावर का नव्हते, हा प्रश्न उरतोच. बँकेत कर्जाच्या वाढीव रकमेसाठी पुरवणी अर्ज दिला आहे. लॅपटॉप घरी आल्यावर गृहस्थांनी हमीपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, रॅम वाढवण्यासाठी झाकण उघडल्याने हमी जात नाही याची सेवाकेंद्राकडून लेखी खात्री करून घेतली, आणि मग आपल्या पेटीतला सर्वांत बारीक स्क्रूड्रायव्हर मुलीच्या हातात दिला. त्या रात्री बापलेक जेवणाआधी तासभर त्या यंत्राच्या पोटात डोकावून बसले होते. बॅटरी कुठे, पंखा कुठे, रिकामी खाच कुठे, हे तिने वहीत पेन्सिलीने रेखाटून घेतले. चित्र उत्तम आले आहे. मी पाहिले.