५ मे १९०१ : लाहोरची संगीतशाळा

ज्या घरांतून तिन्हीसांजेला पेटीवर अलंकार घोटले जातात आणि मुलीच्या ‘प्रवेशिके’ची काळजी आईलाच अधिक असते, त्या घरांनी ५ मे हा दिवस ध्यानी ठेवावयास हवा. १९०१ साली याच दिवशी पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले.

कुठे कुरुंदवाड आणि कुठे लाहोर! १८७२ मध्ये जन्मलेल्या या कीर्तनकाराच्या मुलाची दृष्टी बालपणी दारूकामाच्या अपघातात अधू झाली आणि शाळा सुटली. मग मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्याचे गाणे सुरू झाले. बुवांनी ही विद्या ग्वाल्हेर घराण्याच्या वासुदेवबुवा जोशांकडून मिळविलेली. आमच्या ग्वाल्हेरकर वाचकांनी हा धागा विसरू नये.

मिरजेतील एक प्रसंग सांगितला जातो. एका समारंभाचे निमंत्रण शिष्याला आले, गुरूंना आले नाही. का, म्हणून विचारता उत्तर मिळाले की, ते तर गवई! हा घाव विष्णुबुवांच्या जिव्हारी लागला. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि बडोदे, ग्वाल्हेर अशी मजल करीत ते पंजाबात पोहोचले. दरबारी आश्रय त्यांना दुर्लभ नव्हता. परंतु आश्रयाने गवयाचे पोट भरते, त्याची पायरी बदलत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांची शाळा लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या कमाईवर उभी राहिली.

शाळा उघडली, पण विद्यार्थीच येईनात. बुवा मात्र नेमल्या वेळी येऊन तंबोरा जुळवीत आणि एकटेच रियाज करीत, असे सांगतात. आयुष्य शाळेत घालविलेल्या मला त्यांच्या कीर्तीपेक्षा हे रिकाम्या वर्गातले बसणे मोठे वाटते. पुढे विद्यार्थी आले. वेळापत्रक, क्रमिक पुस्तके, स्वरलेखन, परीक्षा अशी सारी शिस्त आली. मुख्य म्हणजे घरंदाज मुलींनी गाणे शिकण्यात काही वावगे नाही, ही गोष्ट समाजाच्या गळी उतरू लागली.

घंटेच्या ठोक्यावर राग शिकविता येतो काय, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. तो मला निराधार वाटत नाही. प्रमाणपत्रे भिंतीवर आणि तंबोरा माळ्यावर, अशी घरे मीही पाहिली आहेत. पण त्या वर्गांवाचून माझ्यासारख्याच्या कानी यमन आणि भूप यांतला भेद पडला असता, असे मला वाटत नाही.

१९०८ मध्ये विद्यालय मुंबईत आले. तेथे बांधलेली वास्तू कर्जापायी लिलावात गेली. बुवांचे मन रामनामाकडे वळले. नाशकात त्यांनी आश्रम केला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. ‘प्रवेशिका’, ‘मध्यमा’, ‘विशारद’ या परीक्षा त्याच मंडळाच्या.

बुवांची बहुतेक अपत्ये अकाली गेली. मागे राहिलेला दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. त्याला पुढची तालीम विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी दिली. दोघेही बुवांच्या विद्यालयात शिकलेले. तोच पुढे द. वि. पलुसकर म्हणून घरोघरी ऐकला गेला.