लिलावातला खेळाडू आणि मातीतले मंडळ

हिवाळ्याची चाहूल लागली, की वसईपासून विरारपर्यंतच्या गावठाणांत आणि त्यांना वेढून उभ्या राहिलेल्या वसाहतींत कबड्डीचे सामने सुरू होतात. दिवसभराची नोकरी आणि परतीच्या लोकलची गर्दी आटोपून आलेली मुले रात्री प्रकाशझोतात मैदानात उतरतात. मंडळाचे कार्यकर्ते पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलेले असतात. बक्षिसाच्या रकमेची वाटणी केली, तर एकेकाच्या हाती गाडीभाड्याहून फारसे काही उरत नाही. याच मुलांच्या घरी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर प्रो कबड्डी लीग चालू असते आणि तेथे एकेका खेळाडूवर कोटींची बोली लागलेली असते. खेळ एकच, चढाई तीच आणि पकडही तीच. परंतु या दोन टोकांमधील अंतर हा केवळ क्रीडापानाचा विषय नव्हे. तो श्रमाच्या मोलाचा प्रश्न आहे.

२०१४ च्या जुलैमध्ये ही लीग सुरू झाली. त्या वर्षीच्या लिलावात सर्वाधिक बोली लागली ती राकेश कुमार याच्यावर, १२ लाख ८० हजारांची. २०२३ साली पवन सेहरावत याच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले गेले. नऊ वर्षांत वीसपट! कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख मिळाले. याबद्दल नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही. शेतकऱ्या-कामगारांच्या पोरांच्या हाती चार पैसे आले, तर समाजवाद्यांनी हळहळावे कशासाठी?

प्रश्न आहे तो ‘लिलाव’ या शब्दामागील व्यवस्थेचा. विकत घेणारे संघ अवघे बारा. त्यांपैकी प्रत्येकाच्या थैलीला संयोजकांनी आधीच मर्यादा घातलेली. २०२३ मध्ये ती ५ कोटींची होती. कोणत्या गावाकडून खेळावयाचे, हे खेळाडूने ठरवावयाचे नाही. खरेदीदार मूठभर आणि विक्रेते हजारो, अशा बाजाराला अर्थशास्त्रात क्रेत्यांची मक्तेदारी म्हणतात. अशा बाजारात शिखरावरची किंमत डोळे दिपविते आणि पायथ्याची कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हंगाम दोन-चार महिन्यांचा. ज्याला बोलीच लागली नाही, किंवा ज्याचा गुडघा तिसऱ्याच सामन्यात निखळला, त्याने उरलेले वर्ष कसे काढावे?

ही व्यवस्था आपल्याकडे उपजलेली नाही. उत्तर अमेरिकेत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीची नॅशनल हॉकी लीग १९१७ पासून चालू आहे. तेथे संघ खालून वर चढत नाही की वरून खाली घसरत नाही. ज्याच्यापाशी पैसा, त्याला मालकांच्या मंडळात प्रवेश. १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसे या नामवंत खेळाडूने सहकाऱ्यांची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याची रवानगी शिकागोच्या संघात करण्यात आली. संघटना टिकली ती दहा वर्षांनी, १९६७ मध्ये. २००४-०५ साली मालकांनी टाळेबंदी पुकारून सबंध हंगाम बुडविला आणि खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा आणली. गिरणगावातील माणसाला ‘टाळेबंदी’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कॅनडातील सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या लीगांतील खेळाडूंनी २०१४ मध्ये किमान वेतनासाठी दावा लावला. तेव्हा हे कामगार नव्हेत, हौशी विद्यार्थी आहेत, असा युक्तिवाद संघमालकांनी केला आणि काही प्रांतांनी कायदे बदलून त्यांना किमान वेतनातून वगळलेसुद्धा! हौशी हा शब्द असा मालकाच्या सोयीने वापरला जातो. स्वीडनमध्ये मात्र तोच खेळ निराळ्या पायावर उभा आहे. तेथे क्लबातील बहुसंख्य मते सभासदांच्या हाती ठेवावी लागतात आणि संघ खेळाच्या बळावर वरच्या श्रेणीत चढतो वा खाली उतरतो.

महाराष्ट्राने या दोहोंहून वेगळी वाट काढली होती. येथील कबड्डी स्पर्धांत ‘व्यावसायिक गट’ असतो, पण त्याचा अर्थ पैशासाठी खेळणारे असा नाही. महिंद्र, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, एअर इंडिया, देना बँक अशा आस्थापनांचे ते संघ. खेळाडू तेथे नोकर म्हणून लागे, खेळून झाल्यावर नोकरीत राही आणि निवृत्तिवेतनाची आशा बाळगून असे. चाळीतल्या कितीतरी घरांत स्थिर पगार आला तो असा चढाईच्या जोरावर. लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर हॉकी खेळणाऱ्या मुलांनाही आधार आहे तो सैन्यदलाचा आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांचा. तेथील बलाढ्य संघ त्यांचेच. खेळातून उपजीविकेकडे जाणारा हा पूल आता खचत आहे. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. उरलेल्या आस्थापनांत कायम नोकरीची जागा कंत्राटाने घेतली आहे. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे खरे. परंतु भरतीच रोडावली, तर टक्के कशाचे काढावयाचे?

मुलींचा तर येथे हिशेबच नाही. भारतीय महिलांनी हांगचौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २०२३ मध्ये सुवर्णपदक मिळविले. लीगने त्यांच्यासाठी २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा भरविली आणि पुढे तो विषय मिटविला.

खेळाची राष्ट्रीय संघटना नावाने ‘अॅमॅच्युअर’, म्हणजे हौशी. तिच्यावर एका कुटुंबाची पकड इतकी घट्ट होती, की २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला प्रशासक नेमावा लागला. अशा संघटनेने खेळाडूंच्या वतीने लीगशी घासाघीस करावी, ही अपेक्षाच भाबडी होती. ते काम खेळाडूंच्या स्वतंत्र संघटनेचे आहे. दुखापतीचा विमा, किमान मानधन आणि बोली न लागलेल्यांचा विचार या तिच्या पहिल्या मागण्या असावयास हव्यात.

दुसरी मागणी मंडळांची. फुटबॉलमध्ये खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात गेला, की हस्तांतराच्या रकमेतील ५ टक्के वाटा बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत त्याला घडविणाऱ्या क्लबांना मिळतो. अमेरिकेतील ती हॉकी लीगसुद्धा युरोपातील बहुतेक देशांतून खेळाडू नेताना भरपाई देते. प्रो कबड्डीने हाच नियम बोलीला लावला असता, तर २०२३ च्या त्या एका बोलीतूनच १३ लाख रुपये मातीतल्या मंडळांकडे आले असते. पहिल्या लिलावातील सर्वोच्च बोलीहून ही रक्कम मोठी आहे. लीग नव्या मुलांचा शोध घेते, असे सांगितले जाईल. घेतेच, पण फळे तोडणाराने झाडाला पाणी कोण घालतो, हेही पाहावे.

आणि झाडाला जमीन तर हवी! वसई-विरार महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली, तेव्हापासून या पट्ट्यातील मोकळी जागा इंचाइंचाने आक्रसत आहे. नालासोपारा पूर्वेस ज्या ४१ अनधिकृत इमारती २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या, त्या सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या होत्या. घरे गेली ती गरिबांची. बांधणारे केव्हाच पैसे घेऊन बाजूला झाले होते. सांडपाण्याची जागा जेथे सुटत नाही, तेथे क्रीडांगणाच्या आरक्षणाची राखण कोण करणार? विकास आराखड्यातील क्रीडांगणांची यादी प्रभागवार जाहीर करावी, प्रत्येक जागेवर आज काय उभे आहे ते त्यापुढे लिहावे आणि ती यादी प्रभाग कार्यालयाच्या दारावर लावावी. एवढे काम महापालिकेला लीगच्या पुढील लिलावापूर्वी करता येण्याजोगे आहे.