शिडाची कयाक आणि एक शिट्टी



गेल्या महिन्यात कॅलिफोर्नियाहून माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. स्वारी खुशीत होती. कितीतरी वर्षांची हौस पुरी झाली होती. दोन माणसांची शिडाची कयाक त्याने घेतली होती. जुनी, पण नीट राखलेली. "आपा, आता तिच्यासाठी सामान घ्यायचंय. यादी पाठवतो, एकदा नजर टाक. तू दरवर्षी सहलीच्या याद्या करतेस ना!"

यादी आली. पाण्याचा ग्लास अडकवायचे कडे, गाण्यांचा स्पीकर, मासे दाखवणारे यंत्र, बर्फाची पेटी, जादा शीड, रात्री चमकणारी दिव्यांची पट्टी. लाइफ जॅकेट अकराव्या नंबरवर होते आणि पुढे लिहिले होते, 'स्वस्तातले बघू'. मी ती यादी खालून वर अशी उलटी करून परत पाठवली. असे का केले, ते आज तुम्हालाही सांगते.

आधी ही होडी कशी असते ते पाहू. कोकणातल्या वाचकांना उलांडीची होडी ठाऊक आहे: होडी कलंडू नये म्हणून एका बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेला लांब ओंडका. या कयाकला तशा दोन उलांड्या असतात, दोन्ही बाजूंना, पोकळ प्लॅस्टिकच्या. भावाने घेतली ती होबी कंपनीची 'टँडेम आयलंड'. लांबी साधारण १८ फूट, एकामागे एक दोन आसने, मधे डोलकाठी आणि शीड. वारा पडला तर सायकलसारखे पायाने रेटायचे पेडल असते. शीड गुंडाळायचे तर एक दोरी ओढायची, ते डोलकाठीभोवती लपेटले जाते. सगळे जोडले की वजन १०० किलोच्या वर जाते.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मेच्या सुट्टीत मी भावाकडे गेले होते. त्याच्या मित्राची अशीच कयाक घेऊन आम्ही टाहो सरोवरावर गेलो. हे सरोवर डोंगरात, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच आहे आणि सर्वांत खोल जागी त्याची खोली ५०० मीटर भरते. काठावरच्या डोंगरांवर तेव्हाही बर्फ होते. सकाळी पाणी आरशासारखे. भाभी आणि मुली काठावर, मी पुढच्या आसनावर, भाऊ मागे. ऊन लागत होते म्हणून लाइफ जॅकेट काढून मी पायाशी ठेवले. फोन पर्समध्ये, पर्स होडीच्या पोटातल्या कप्प्यात.

दुपारी वारा उठला. टाहोवर दुपारचा वारा नेहमीचाच, हे आम्हाला नंतर कळले. अर्ध्या तासात लाटा अंगावर येऊ लागल्या आणि वारा आम्हाला काठापासून दूर नेऊ लागला. भाऊ ओरडला, "आपा, जॅकेट घाल!" मी ते ओढले तर त्याचा पट्टा शिडाच्या दोरीत अडकलेला. सोडवून एक हात घातला, तोवर ओढणीचे टोक बकलात गेले. बोटे गारठलेली, होडी हलते आहे, आणि मी ४० वर्षांची बाई शर्टाची बटणे न जमणाऱ्या बालवाडीतल्या मुलासारखी झगडते आहे. कप्प्याचे झाकण नीट बसले नव्हते, त्यातून आत पाणी गेले. उपसायला पंप नव्हता. काठावर कळवायला फोन होता, पण तो त्याच पाण्यात होता. शिट्टीही होती, जॅकेटच्या खिशात.

भावाने शीड गुंडाळले आणि आम्ही दोघांनी पेडल मारत कसाबसा काठ गाठला. पाऊण तास लागला. काही झाले नाही, अलहम्दुलिल्लाह. पण त्या पाऊण तासात मी एक धडा शिकले, तो वर्गात शिकवण्याजोगा आहे: पाण्यावर जी वस्तू अंगावर नाही, ती जवळ नाहीच.

म्हणून यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहावा. मी पाण्यात पडले आणि होडी वाऱ्याने पुढे गेली, तर ही वस्तू माझ्याजवळ असेल का? उत्तरावरून सामानाचे तीन भाग पडतात.

पहिला भाग, अंगावरचे. यात पैसे वाचवू नयेत. लाइफ जॅकेटवर अमेरिकन तटरक्षक दलाच्या मंजुरीची चिठ्ठी असते, ती वाचून घ्यावे. मोठ्या माणसाच्या साध्या जॅकेटला किमान साडेपंधरा पौंडांची, म्हणजे सुमारे सात किलोंची उचल लागते. कयाकच्या आसनाला पाठ असते, म्हणून जॅकेटचा जाड भाग पाठीवर वरच्या बाजूला असलेला बरा, नाहीतर ते सारखे वर सरकते आणि माणूस वैतागून काढून ठेवतो, जसे मी ठेवले. दुकानातच घालून पट्टे आवळावेत आणि कुणाला तरी खांद्याला धरून वर ओढायला सांगावे. हनुवटीपर्यंत आले तर ते आपल्या मापाचे नाही. मुलांचे जॅकेट वयावर नव्हे, वजनावर घ्यावे. 'वाढत्या अंगाचे' हा ईदच्या कपड्यांचा हिशेब इथे चालत नाही. हवा भरून फुगणारी जॅकेटे १६ वर्षांखालील मुलांसाठी आणि पोहता न येणाऱ्यांसाठी नाहीत. कॅलिफोर्नियात १३ वर्षांखालील मुलाला चालत्या लहान बोटीत जॅकेट घालणे कायद्याने सक्तीचे आहे. मी भावाला म्हटले, कायदा तेराचा असेल, आपल्या घरात तो सत्तरपर्यंत लागू.

कपडेही याच भागात येतात. हवा नव्हे, पाणी किती थंड आहे ते पाहून कपडे घालावेत. गार पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही. चांगला पोहणाराही तिथेच फसतो. सुती कपडा भिजला की जड होतो आणि अंगाची ऊब घालवतो. थंड सरोवरासाठी वेटसूट घ्यावा. आपल्या भगिनींना पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी सहज मिळते. पर्दाही राहतो आणि हातपायही मोकळे. ओढणी, लांब घेर आणि टाचण्या काठावरच ठेवाव्यात. पेडल आणि दोऱ्या ओढणीला ओळखत नाहीत.

शिट्टी जॅकेटला दोरीने बांधावी. बारा-पंधरा रुपयांच्या वस्तूइतकी क्षुल्लक वाटते, पण वाऱ्यात माणसाच्या आवाजापेक्षा लांब जाते. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, तीही अंगाला बांधलेली. शिडाच्या दोऱ्या असल्याने मागे बसणाऱ्याजवळ एक लहान चाकू हवा.

दुसरा भाग, होडीवरचे. हाताने ओढायचा पंप आणि एक मोठा स्पंज. बुडाच्या बुचाचे जादा नग. पेडल बिघडले तर दोन वल्ही, दोरीने बांधलेली. कोरडे कपडे आणि खाणे पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांत. १५ मीटरची तरंगणारी दोरी. संध्याकाळ झालीच तर पांढऱ्या उजेडाची बॅटरी. सगळ्यांत उपयोगी म्हणजे रुंद टायरांची दोनचाकी गाडी. १०० किलोंची होडी वाळूवरून दोन माणसांनी उचलायची म्हणजे कंबरदुखीला दावत. होडी आणि उलांडी यांच्यामधे ताणायच्या जाळ्या मिळतात. पाय पसरायला छान, पण कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा जास्त भार त्यांच्यावर टाकू नये.

तिसरा भाग, तूर्त दुकानातच राहू द्यायचे: जादा शीड, स्पीकर, दिव्यांची पट्टी, मासे पकडत नसाल तर माशांचे यंत्र. आहे ते शीड वाऱ्यात गुंडाळता येऊ लागले, की मग दुसऱ्याचा विचार.

सामान आले की पहिला दिवस कमरेइतक्या पाण्यात घालवावा. मुद्दाम पाण्यात पडावे, पुन्हा चढून पाहावे. शीड दहा वेळा गुंडाळावे. सरोवर बदलताना होडी धुऊन, निथळून, वाळवून न्यावी, कारण एका पाण्यातले शिंपले दुसऱ्या पाण्यात पसरतात आणि तिकडे त्याची तपासणी होते.

तुम्ही म्हणाल, आपा, आमच्याकडे कुठली आली शिडाची कयाक? खरे आहे. पण धरणाच्या पाण्यावर सहली आपल्याही जातात. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका परत आल्या नाहीत. बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हते, असे तेव्हा छापून आले. त्या शिक्षिकांनीही माझ्यासारखीच यादी केली असेल: डबे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या. तेव्हापासून मी सहलीच्या यादीत पहिली ओळ बदलली आहे. बोटीत बसायचे असेल तर जितकी डोकी तितकी जॅकेटे, बकल लावलेली, बोट सुटण्याआधी. एक जरी कमी पडले, तर सगळ्यांनी काठावर बसून भेळ खायची. मुले रुसतात. रुसू द्यावीत.

भावाने परवा फोटो पाठवला. तो, भाभी आणि मागे निळे पाणी. दोघांची जॅकेटे गच्च, आणि भाभीच्या खांद्याशी लटकणारी नारिंगी शिट्टी. खाली लिहिले होते, "आपा, स्पीकर घेतला नाही. शिट्टी वाजवून पाहिली. शेजारची कुत्री धावत आली."